न उचललेले वाटे

पौषातली सकाळ होती. तलावावरचं धुकं पाळीवरून हळूहळू खाली उतरत होतं, आणि करंजाच्या झाडाखालच्या चपट्या दगडावर गोदावरीबाईनं आदल्या संध्याकाळी मांडलेले भाजीचे सहा वाटे होते तसेच पडून होते.

गोदावरीबाई दगडासमोर उभी राहून पाहत राहिली. वांग्यांवर दव साचलं होतं. मेथीनं मान टाकली होती. वालाच्या शेंगांवरून एक गोगलगाय सावकाश चालली होती, जणू ही सारी भाजीची वाडी तिच्याचसाठी लावली होती. वानरांनी नासधूस केली असती तर समजलं असतं. गुरं शिरली असती तर तेही समजलं असतं. पण कोणी खाल्लं नव्हतं, कोणी सांडलं नव्हतं, आणि कोणी नेलंही नव्हतं. एखादं घर विसरतं, दोन विसरतात. सहाच्या सहा घरं एकाच संध्याकाळी भाजी न्यायला विसरली?

"आज कोणता उपास हाये का बाप्पा?" ती मोठ्यानं म्हणाली आणि बोटांवर तिथी मोजू लागली. उपास नव्हता. असता तरी वाट्यात रताळी होती.

आंजनटोला हे गाव लाखनीच्या सडकेपासून बरंच आत, तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, पाठ टेकून बसलेलं. पाळीखाली भय्याजींची एक बांदी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत, होती. भय्याजी म्हणजे गावातले वयानं आणि शब्दानं मोठे शेतकरी. त्या बांदीत तलावाचं पाणी बारा महिने झिरपायचं, धान उभा राहण्याआधीच कुजायचा. भय्याजींनी ती जमीन अनेक वर्षं शिव्या देत सांभाळली. मग एका साली त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई म्हणाल्या, "तिथं गोदीले भाजी लावू द्या ना. तिच्या अंगणातली वांगी पाहा अन् तुमचा धान पाहा."

गोदी म्हणजेच गोदावरीबाई. ती गावचीच लेक. लग्न होऊन तुमसरकडे गेली होती. नवरा तेजराम खाणीवर कामाला होता. लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा त्यानं खाणीजवळच दुसरं घर मांडलं, दुसऱ्या बाईसोबत. भांडण झालं नाही, फारकत झाली नाही. तो फक्त घरी यायचा थांबला. गोदावरीबाई एक उन्हाळा वाट पाहत राहिली आणि मग माहेरी आली. आईबाप गेलेले होते. भाऊ सेवकराम शहापूरला राइस मिलमध्ये हमाली करायचा, बायकोपोरांसह तिकडेच राहायचा. तेव्हा गावातलं बापाचं छोटं घर, मागचं अंगण आणि हातातली कला, एवढंच तिचं होतं. कुंकू मात्र ती लावायची. बांगड्याही भरायची. नवरा आहे म्हटल्यावर लावायचंच असतं, एवढाच तिचा त्यामागचा विचार होता.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास सहा घरं एकत्र आली आणि पाळीखालची वाडी उभी झाली. रीत साधी होती. प्रत्येक घरातली एक बाई पाळीपाळीनं दिवसभर वाडीत राबायची. गोदावरीबाई रोजच असायची. वाडीचं सारं तिच्या डोक्यात चालायचं: कोणता वाफा कधी ओलवायचा, कोणतं फळ बियाण्याला ठेवायचं, अंबाडीला किती राख द्यायची. संध्याकाळी जे निघालं त्याचे घरटी खाणारी तोंडं पाहून वाटे पडायचे. कोणी तराजू आणला नाही, कोणी मागितलाही नाही.

वाडीत दुकानातलं पांढरं खत जात नव्हतं आणि फवारायची पावडरही जात नव्हती. यामागे कोणाचा उपदेश नव्हता. वाडीचं पाणी खालच्या बोडीत उतरायचं. बोडी म्हणजे छोटं तळं. त्या बोडीत मुरारी ढिवर मासोळीचं बारीक बी वाढवायचा. एकदा शेजारच्या बांदीत कोणीतरी पावडर मारली आणि दुसऱ्या दिवशी मुरारीची सारी पिल्लं पोट वर करून तरंगली. ओंजळभर मेलेली पिल्लं आणून त्यानं भय्याजींच्या ओसरीवर ठेवली आणि निघून गेला. तेव्हापासून वाडीत शेण, राख, तलावाचा गाळ आणि कुजलेली पळसाची पानं, एवढंच. किडीवर निंबाचा पाला आणि गोमूत्र. मुरारीचं घरही सहा घरांपैकीच होतं.

आणि दुपारचं जेवण. खरं सांगायचं तर वाडी त्या जेवणावर चालायची. तीन दगडांची चूल करंजाखाली कायमची मांडलेली होती. दुपारी गोदावरीबाई त्या दिवसाच्या भाजीतली एक भाजी तिथंच रांधायची. पावसाळ्यात तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, कोवळी पानं हरभऱ्याच्या डाळीत. श्रावणात धोप्याच्या, म्हणजे अळवाच्या, पानांच्या वड्या, कढीत सोडलेल्या. पुढं अंबाडी, तांदळाच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी. थंडीत वांगी आणि वाल, भाजून कुटलेल्या जवसाच्या वाटणात, मातीच्या गाडग्यात. उन्हाळ्यात हिरवं काही नसलं की वांग्याच्या वाळवलेल्या फोडी, ज्यांना आमच्याकडे खुला म्हणतात, त्या भिजवून. ज्या बाईची पाळी ती घरून भाकरी किंवा भात आणायची, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या बायाही वाटी घेऊन टेकायच्या. त्या गाडग्यातली भाजी खाऊन 'अजून थोडी' न म्हणता उठला, असा माणूस आंजनटोल्यात मिळायचा नाही.

तर अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या पौषात, त्याच वाडीतले वाटे तसेच पडून राहिले.

त्या दिवशी पाळी रुखमाची होती. रुखमा तरणी, बोलकी, सासूची नक्कल करून बायांना हसवणारी. ती उशिरा आली आणि थेट वाडीच्या दुसऱ्या टोकाला, कांद्याच्या वाफ्यात जाऊन बसली.

"काहून वं रुखमे, काल भाजी नेली नाई?"

"काल... काल घरी डाळ होती, आत्या." रुखमा मान वर न करता म्हणाली.

"अन् बाकीच्यांच्या घरी?"

"त्यांच्याही घरी डाळच असंल."

सहा घरांत एकाच दिवशी डाळ. गोदावरीबाईनं यावर दुपारपर्यंत विचार केला. दुपारी तिनं गाडगं उतरवलं आणि हाक मारली. रुखमा आली नाही. तिनं बांधावर बसून आपल्या भाकरीवर कच्चा कांदा फोडला आणि कोरडीच भाकर चावत बसली. जिच्या नाकाला वांग्याचा वास आला की ती वाफे उडी मारून ओलांडायची, ती रुखमा.

"पोट दुखते का?"

"हव आत्या. पोटच दुखते."

"पोट दुखते तर कच्चा कांदा कायले खातेस?"

रुखमाच्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्यानंच आलं असेल, असं गोदावरीबाईला वाटलं.

त्या संध्याकाळीही वाटे पडून राहिले. मग गोदावरीबाईला संशय आला तो भाजीवरच. वेलाला, झाडाला कधी कधी कडूपणा उतरतो. बियाणं भ्रष्ट झालं की दुधी सुद्धा कडू निघतो. तिनं वाडीतून फिरून प्रत्येक झाडाचं एकेक वांगं तोडलं आणि कच्चंच चावून पाहिलं. वालाची शेंग चावली, भेदरं म्हणजे टमाटर चावलं, मुळा चावला. सारं गोड होतं, रोजच्यासारखं. पण इतकं कच्चं चावल्यावर जिभेला काहीच कळेनासं झालं, आणि मग तिला वाटलं, कडूपणा असेल आणि मलाच कळत नसेल तर?

दुसऱ्या दिवशी सुलोचनाबाई पाळीवरून जाताना थांबल्या. खाली उतरल्या नाहीत.

"गोदे," त्या वरूनच म्हणाल्या, "तू आता थोडा आराम कर वं."

"मले का झालं?"

"काही झालं नाई. पण घरी बस. माणसानं कधी तरी घरी बसावं. भावाकडे गेली नाईस ना बऱ्याच दिवसांत?"

"वालाचा बहर हाये काकी, आता कशी जाऊ?"

"वाल काय, होतेच," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि तोंडावर पदर घेऊन घाईनं निघून गेल्या.

होतेच! ज्या सुलोचनाबाई वालाच्या पहिल्या शेंगेसाठी दिवाळीपासून विचारत असत, त्या म्हणतात वाल काय, होतेच. गोदावरीबाई हातातलं खुरपं तसंच धरून उभी राहिली. आराम कर. घरी बस. भावाकडे जा. एकेक शब्द तिनं पुन्हा पुन्हा उलटवून पाहिला आणि प्रत्येक शब्दाखाली तिला एकच गोष्ट दिसू लागली. मागच्या बाजाराला लाखनीचा एक खतविक्या गावात आला होता. भय्याजींच्या ओसरीवर बराच वेळ बसला होता. पांढऱ्या खतानं त्या झिरपत्या बांदीतही धान होईल, असं काहीसं त्यानं सांगितलं असणार. बांदी भय्याजींची. त्यांनी वाडी मोडायची ठरवली, आणि तोंडावर सांगायची लाज वाटते म्हणून सारे असे वागतात.

हे मनात आल्यावर तिला एका बाजूनं बरं वाटलं, कारण निदान काहीतरी समजलं. दुसऱ्या बाजूनं पायाखालची माती सरकली. ही वाडी गेली तर आपण कोण? एवढंसं अंगण असलेली, नवऱ्यानं टाकलेली बाई. वाडीमुळे ती गोदावरीबाई होती.

ती तशीच भय्याजींच्या ओसरीवर गेली. पायरीशी उभी राहिली.

"काकाजी, एक विचारू का?"

भय्याजी पान लावत होते. तिला पाहून ते किंचित मागे सरकले. एवढा मोठा माणूस मागे सरकताना तिनं आजवर पाहिला नव्हता.

"विचार ना पोरी."

"बांदी तुम्हाले वापस पायजे का?"

"कोणती बांदी?" भय्याजी गोंधळले.

"पाळीखालची. वाडीची."

"कोण म्हणते?"

"कोणी म्हणत नाई. कोणी काहीच म्हणत नाई, तेच तर."

भय्याजींनी पानाचा चुना बोटानं तीनदा पुसला. मग म्हणाले, "तुझा भाऊ येऊन राहिला. निरोप गेला हाये त्याले. तो आला की सारं बोलू. तोवर तू घरी राहा. अन् वाडीत नको जाऊ."

"भाऊ कायले?"

"तो आला की बोलू."

आता शंकाच उरली नाही. भावाला बोलावलं होतं, तिला त्याच्या हवाली करायला. परत येताना तिला रस्ता दिसत होता, पण तो कुठं जातो हे क्षणभर आठवेना. ती आपल्याच घरासमोरून पुढं निघून गेली आणि वळून परत आली.

घरी बसणं तिला जमलं नाही. सकाळी ती वाडीत गेली, उत्तमातली उत्तम वांगी तोडली, कोवळे वाल निवडले, जवस भाजून कुटला आणि असं गाडगं चढवलं, जसं दिवाळीलाही चढवलं नव्हतं. एकदा खाऊ द्या, मग बघू वाडी मोडायला कोणाची जीभ वळते ते, असा तिचा हिशेब. सहा वाट्या भरल्या, टोपलीत ठेवल्या, आणि ती दारोदार निघाली.

कोणी नाही म्हटलं नाही. त्यानंच ती अधिक बुचकळ्यात पडली. रुखमाची सासू देवकाबाई म्हणाली, "ठेव बाई तिथं, जोत्यावर." पण वाटी हातात घेतली नाही. सुलोचनाबाईंनी पदराचं टोक तोंडात धरून फक्त मान हलवली. एका घरात तर तिला पाहून चूल फुंकणारी बाई फुंकणीसकट आतल्या खोलीत गेली.

परत येताना तिला देवकाबाईच्या गोठ्यात लाल गाय दिसली. गाय गव्हाणीत तोंड घालून मन लावून खात होती, आणि गव्हाणीत वांग्या-वालाची भाजी होती. जवसाचं वाटण गायीच्या नाकपुडीला लागलं होतं.

गोदावरीबाई गायीकडे पाहत राहिली. गायीनं नाक चाटून घेतलं. भाजी चांगली झाली होती हे तरी कळलं.

तिथून ती सरळ बोडीवर गेली. मुरारी काठावर जाळं विणत बसला होता. वाडीतली पावडर बंद झाली ती त्याच्या पिल्लांवरून, तेव्हा खरं बोलायचं देणं त्याच्याकडे आहे, असं तिला वाटलं असावं.

"मुरारी, तू तरी सांग. माह्या हाताले रोग झाला का?"

"नाई बाई."

"मंग गाय खाते माह्या हातचं, अन् माणूस खात नाई. वाडी मोडायची असंल तर मोडा म्हणा. पण अन्न गायीले घालून कायले सांगता? तोंड नाई का कोणाले?"

मुरारीनं सुई जाळ्यात खोचली. इकडे तिकडे पाहिलं.

"वाडी मोडून नाई राहिलं कोणी," तो म्हणाला. "भाजीतही काही नाई, बाई."

"मंग कशात हाये?"

"भय्याजींनी सांगतलं होतं, बोलू नको म्हून. तुमचा भाऊ येऊन सांगंल म्हणले." त्यानं जाळं बाजूला ठेवलं. "तुमचं सुतक हाये, बाई."

"माह्यं? माह्यं कोणाचं?" आई गेलेली, बाप गेलेला. आणि एकदम तिचा आवाज फाटला. "सेवकरामाले काही झालं का रे?"

"नाई, नाई! सेवकराम बरा हाये. तेजराम गेले. तापानं. लाखनीच्या बाजारात त्यांच्या गावचा माणूस भेटला मले, त्यानं सांगतलं."

"कोण तेजराम?" गोदावरीबाईनं विचारलं.

आणि विचारता विचारताच तिला कळलं. मुरारी खाली मान घालून बसला होता. बोडीच्या पाण्यात बारीक पिल्लं एकदम एका बाजूला वळली, मग दुसऱ्या बाजूला.

"म्हणजे वांगी कडू नव्हती," ती म्हणाली.

हे तिच्या तोंडून गेलं ते गेलंच. नवरा मेल्याचं ऐकून जी पहिली गोष्ट ती बोलली ती ही. तिला इतकं हलकं वाटलं होतं, की त्या हलकेपणाचीच तिला भीती वाटली. ती काठावर त्याच्यासमोर बसली. रडायला हवं हे तिला माहीत होतं. तिनं तेजरामचा चेहरा आठवून पाहिला. चेहरा येईना. त्याची पाठ आठवली, बुशकोटाला मागून पडलेली घडी आठवली, आणि तो वालाच्या शेंगा ताटातून बाजूला काढायचा हे आठवलं. एवढ्यावर माणूस कसं रडणार?

"कधी गेला?"

"आठवडा झाला असंल. मी आलो ते भय्याजींनाच सांगतलं. भय्याजी म्हणले, बाईले असं कोणीही उठून सांगायचं नसते, माहेरच्या माणसानं लुगडं घेऊन येऊन सांगायचं असते. म्हून शहापूरले निरोप धाडला."

"अन् तोवर?"

"तोवर... सुतकातल्या हातचं कसं खायचं? अन् तुम्हाले काहून नाई खात, ते कसं सांगायचं?"

गोदावरीबाईनं यावर विचार केला. सगळ्यांचं बरोबर होतं. सगळ्यांचं बरोबर असूनही इतकं वाकडं झालं होतं. आपल्याला कोणी काही केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

सेवकराम दुसऱ्या दिवशी आला, पिशवीत पांढरं लुगडं घेऊन. दारातूनच त्यानं गळा काढला आणि तिच्या हातातल्या बांगड्या पाहून मधेच थांबला.

"अजून?" तो म्हणाला.

"मले कालच समजलं."

"काल? मी तर निरोप आला तसा सरळ तिकडे गेलो, अग्नी दिलेल्या जागी बसलो, सारं केलं. मले वाटलं गावानं सांगतलं असंल."

"गावाले वाटलं तू सांगशील," गोदावरीबाई म्हणाली.

संध्याकाळी तिच्या अंगणात माणसं जमली. बायांनी तिच्या बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं. रुखमा गोदावरीबाईपेक्षा जास्त रडली, आणि गोदावरीबाईच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, कारण कोणाला तरी फिरवायलाच हवा होता. मग पुरुषांमध्ये दिवसांचा वाद निघाला. भय्याजी म्हणाले सुतक मेल्या दिवसापासून धरायचं. देवकाबाई आतून म्हणाली, नाही, बाईनं ऐकल्या दिवसापासून.

"ऐकल्यापासून धरलं," रुखमा नाक पुसत म्हणाली, "तर ऐकायच्या आधी आत्याले सुतक नव्हतंच. मंग आम्ही भाजी कायले सोडली? मी कच्चा कांदा कायले खाल्ला?"

मुरारी, जो कुंपणाशी बसला होता, तो उगाच खोकला. भय्याजींनी बराच वेळ छपराकडे पाहिलं.

"मेल्या दिवसापासूनच धरायचं," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे आपलं चुकलं नाई. परवा संपते."

देवकाबाई काहीतरी म्हणणार होती, पण तिला गायीला घातलेली भाजी आठवली असावी. ती पदर सावरून आत वळली.

"संपलं की तू माह्यासंग शहापूरले चाल," सेवकराम बहिणीला म्हणाला. "आता इथं एकटी कशी राहशील? आजवर गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी होती?" तिनं विचारलं. ती खरंच विचारत होती. "तेव्हाही एकटीच होती ना मी?"

"तेव्हा तुह्या कपाळावर कुंकू होतं."

गोदावरीबाईनं कपाळाला हात लावला. भावाचं चुकतं असंही म्हणता येईना. पांढऱ्या लुगड्यातली बाई सहा घरांच्या वाडीत पुढं पुढं करते, तिच्या हातचं पहिलं भेदरं, पहिली शेंग घरात जाते, हे कोणाला चालेल? गेला आठवडा जे झालं ते न सांगता झालं होतं. पुढंही न सांगताच होईल. लोक हळूहळू डाळच शिजवू लागतील, आणि ती करंजाखाली वाटे मांडून उभी राहील.

"परवा मी वाडीत रांधीन," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, तरी अंगण ऐकत होतं. "सहा घरांनी येऊन खाल्लं तर मी राहीन. नाई आले, तर सेवकराम, दुपारच्या मोटारीनं आपण जाऊ. पण मले सांगून जेवा, अन् सांगून सोडा. मले आता समजून घ्यायची ताकत नाई."

परवाच्या दिवशी सकाळी न्हाऊन ती वाडीत गेली. मधे तिनंच नेलेली टोपलीभर भाजी सोडली तर इतके दिवस कोणी तोडलं नव्हतं, तेव्हा वाडी भलतीच माजली होती. वांगी फुगून पिवळी पडू लागली होती. वालाच्या शेंगा निबर झाल्या होत्या. मेथी फुलावर आली होती. निवडायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून तिनं सारंच घेतलं. पिवळी वांगी, निबर वाल, भेदरं, डांगर भोपळा, मेथीचे फुलासकट शेंडे. सगळं एकाच मोठ्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात. असली भाजी तिनं आधी कधी केली नव्हती, तिला नावही नव्हतं. जवस किती टाकावा हेही तिला समजेना. हात जिथं थांबला तिथं ती थांबली.

दुपारी माणसं आली. सहाही घरची आली. पण आली ती पाळीवर उभी राहिली, एकमेकांकडे पाहत. भय्याजी देवकाबाईकडे, देवकाबाई सुलोचनाबाईंकडे, मुरारी आपल्या पायांकडे. खाली पळसाच्या पानांच्या पत्रावळी मांडलेल्या, गंजातून वाफ येत होती, आणि कोणी पहिलं पाऊल टाकेना. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. पहिलं कोण, एवढाच प्रश्न होता. आठवडाभर सारं ज्या प्रश्नावर अडलं होतं, तोच.

सेवकराम बहिणीची ट्रंक बांधावर ठेवून उभा होता. त्यानं उन्हाकडे पाहिलं. मोटारीची वेळ होत आली होती.

गोदावरीबाई चुलीशी बसून होती. तिनं वर पाहिलं नाही. येतील असं वाटत होतं का, नाही असं वाटत होतं, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. पांढऱ्या लुगड्याला राख लागली होती ती झटकत राहिली.

मग पाळीवरून कोणीतरी उतरल्याचा आवाज आला. सुलोचनाबाई होत्या. गुडघे दुखत असल्यानं त्या आडव्या पायांनी, एकेक पाऊल टाकत उतरल्या, पहिल्या पत्रावळीपुढं धपकन बसल्या आणि म्हणाल्या, "वाढ वं. किती वेळ उभं ठेवतेस म्हाताऱ्या माणसाले?"

गोदावरीबाईनं भात वाढला, वर भाजी वाढली. थोडी भाजी पत्रावळीबाहेर सांडली. सुलोचनाबाईंनी घास घेतला. बराच वेळ चावला. सारी पाळ त्यांच्या जबड्याकडे पाहत होती.

"काय केलंस हे गोदे?" त्यांनी शेवटी घास कसाबसा गिळून विचारलं. "वाल म्हणजे नुसते खडे! माह्या तोंडात दात किती उरले, माहीत नाई का तुले?"

पाळीवर रुखमा फिसकन हसली आणि तोंडावर हात ठेवून खाली धावली. तिच्यामागून देवकाबाई, मुरारी, भय्याजी, सारेच.

गोदावरीबाई पळी हातात धरून उभी होती. आपण विधवा आहोत, आज सुतक सुटलं आहे, ट्रंक बांधावर आहे आणि समोर ही म्हातारी वालावरून भांडते आहे. यातलं कशाला काय म्हणावं हे तिला समजत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं होतं, आणि ते तेजरामसाठी आहे की कशासाठी, हेही तिनं पाहिलं नाही.

"आठ दिवस कोणी तोडले नाई तर निबर नाई होणार का?" ती म्हणाली. "कोवळे पायजेत ना, तर उद्या सकाळी तोडायले या. अन् लवकर या."